नाशिकहून एका दिवसात घाटांचा वळसा: त्र्यंबक, मोखाडा, खोडाळा, कसारा, इगतपुरी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक सोडून पश्चिमेला तास-सव्वा तास गाडी चालवली की सह्याद्रीची कड लागते. या कडेवरून एका घाटाने खाली उतरायचं, कोकणाच्या डोक्यावरच्या डोंगराळ मुलखातून दक्षिणेला सरकायचं आणि दुसऱ्या घाटाने पुन्हा वर यायचं, असा हा दिवस आहे. सकाळी घरून निघून अंधाराच्या आत घरी परतता येतं, मुक्काम लागत नाही. बाइकवाले आणि कारवाले दोघेही याबद्दल तेच तेच विचारत असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

नेमका रस्ता कोणता?

नाशिक, त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, खोडाळा, विहीगाव, कसारा, कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि परत नाशिक. सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास होतं. नाशिक, पालघर आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांतून हा रस्ता जातो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नकाशांत आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात मोखाडा अजूनही ठाणे जिल्ह्यातच असतो.

पावणेदोनशे किलोमीटर म्हणजे चार तासांचं काम. मग दिवसभर कशाला?

हायवेचा हिशोब इथे लावू नका. त्र्यंबक सोडल्यापासून कसाऱ्याला हायवे लागेपर्यंत रस्ता अरुंद आहे, वळणं सतत आहेत आणि रस्त्यावर गुरं, शेळ्या, शाळेची पोरं, लाकडाची मोळी घेतलेल्या बाया असतात. या पट्ट्यात ताशी तीस-पस्तीसची सरासरी पडली तरी पुष्कळ झालं. शिवाय थांबायचं नसेल तर हा रस्ता धरण्यात अर्थच नाही. मुंबईकडे कामाला जायचं असेल तर सरळ महामार्गाने जावं. इथे येणाऱ्याने दर अर्ध्या तासाला गाडी बाजूला घेऊन खाली उतरण्याइतका वेळ हाताशी ठेवून यावं, असं माझं ठाम मत आहे.

किती वाजता निघायचं?

साडेसहाला नाशिक सोडा. साडेसातपर्यंत त्र्यंबकला नाश्ता, साडेआठ-नऊला तोरंगण घाट, दहाच्या सुमारास मोखाडा, दुपारी विहीगाव, आणि चार-साडेचारच्या आत कसारा घाट चढून वर. यातली शेवटची वेळ सोडून बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालतं. संध्याकाळी मुंबईहून येणारी गर्दी, चढणीला लागलेले ट्रेलर आणि अंधार हे तिन्ही एकत्र येतात, आणि दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाने नेमकं तेव्हा घाटात असू नये.

उलट दिशेने गेलं तर चालेल का? आधी कसारा, मग त्र्यंबक?

चालेल, पण मी सांगणार नाही. सकाळी त्र्यंबककडून गेलात तर ऊन पाठीवर असतं आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. दुसरं म्हणजे छोटा, शांत घाट उतरणीला मिळतो आणि मोठा, वर्दळीचा घाट चढणीला. उतरणीपेक्षा चढणीला गाडी जास्त ताब्यात राहते. कसारा घाटात चढणीची आणि उतरणीची वाहतूक वेगवेगळ्या रस्त्यांवरून चालते, त्यामुळे वर येताना समोरून ट्रक अंगावर येण्याची भीती उरत नाही. तिसरं कारण कंटाळ्याचं आहे. उलट गेलात तर दिवसाची सुरुवातच महामार्गाने होते आणि वळणावळणाचा अरुंद रस्ता दमल्यावर वाट्याला येतो.

वाटेत पाहण्यासारखं काय आहे?

या रस्त्यावर ‘पॉइंट’ कमी आहेत. पाट्या शोधत गेलात तर निराश व्हाल. पाहायचा तो डोंगराचा आकार आणि पाण्याची वाट.

त्र्यंबककडे जाताना डाव्या हाताला अंजनेरी येतो. कड्यांवर पांढरट रेघा दिसल्या तर तिथे गिधाडांची घरटी आहेत असं समजा. लांब चोचीच्या भारतीय गिधाडांची उरलीसुरली वस्ती ज्या मोजक्या डोंगरांवर आहे, त्यांत अंजनेरी मोडतो. पुढे त्र्यंबकच्या मागे ब्रह्मगिरी भिंतीसारखा उभा राहतो. गोदावरी तिथे उगवते आणि पूर्वेला 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेत उगवणारी वैतरणा मात्र पश्चिमेला वळते आणि अरबी समुद्र गाठते. म्हणजे त्र्यंबकहून मोखाड्याच्या दिशेने थोडं पुढे गेलात की तुम्ही पाणलोटाची रेघ ओलांडलेली असते. अलीकडे पडलेला पाऊस राजमहेंद्रीला जातो, पलीकडे पडलेला पालघरच्या किनाऱ्याला. पावसाळ्यात एकदा गाडी थांबवून रस्त्याकडेचा ओहोळ कुठल्या बाजूला वाहतोय ते बघा. शाळेच्या भूगोलात वाचलेलं पायाजवळ वाहताना दिसतं.

तोरंगण घाट उंचीने फार मोठा नाही, पण वळणं जवळजवळ आहेत. एका वळणावर उजवीकडे दगडाचा कापलेला कडा हाताच्या अंतरावर येतो. त्यात बेसॉल्टचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात, भेगांमधून शेवाळ आणि नेचे बाहेर आलेले असतात आणि ऑक्टोबरातही त्यातून पाणी ठिबकत असतं. पुढच्याच वळणाला डावी बाजू एकदम मोकळी होते आणि खाली भाताची खाचरं, कौलारू घरं, मधूनच पळसाची आणि सागाची झाडी असा सगळा मुलूख पसरलेला दिसतो.

मोखाडा ते खोडाळा हा पट्टा वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी लोकांचा आहे. उतारावर नागली आणि वरई, सपाटीला भात. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे बोहाडा असतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे लाकडी, कागदी मुखवटे लावून, संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर रात्रभर सोंगं नाचतात. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे, पण तो रात्रीचा असल्याने या एका दिवसात बसणार नाही. त्यासाठी वेगळं या.

खोडाळ्याहून विहीगावकडे जाताना रस्ता वैतरणेचं खोरं ओलांडतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तीन याच एका नदीवर आहेत. मध्य वैतरणा धरण तर मोखाडा तालुक्यातच आहे. एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. उन्हाळ्यात या रस्त्याने गेलात तर ते दिसेल. मला ते बघून दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं आणि इथून जाणाऱ्या प्रत्येकाने ते बघावं असं वाटतं.

कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरची अखेर. पाऊस ओसरलेला, धबधबे अजून वाहते, भात पिवळा व्हायला लागलेला आणि माळावर सोनकी व तेरडा फुललेला. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, त्यामुळे लांबचे सुळकेही मोजता येतात.

जुलै-ऑगस्टचं नाव बहुतेक जण आधी घेतात. हिरवाई तेव्हा सगळ्यात जास्त असते हे खरंच, पण घाटात दिसतं ते बहुतेक वेळा पांढरं धुकं. नाशिक शहराच्या चौपट-पाचपट पाऊस इगतपुरीत पडतो, त्यामुळे शहरात रिमझिम आहे म्हणून निघालात तरी घाटात धो-धो मिळू शकतो. जायचंच असेल तर हवामान खात्याचा इशारा बघा आणि ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत सरळ पुढे ढकला. डिसेंबर-जानेवारी थंडीचा आनंद देतात, फक्त दिवस लहान असतो, त्यामुळे अर्धा तास आधी निघा. एप्रिल-मेमध्ये दुपार त्रासदायक असते. पहाटे निघणाऱ्यांना मात्र करवंदं आणि जांभळं मिळतात.

बाइक बरी की कार? स्कूटर चालेल का?

वळणांची मजा बाइकवर आहे आणि शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडीही पुरते. मोठी बाइक लागते हा गैरसमज आहे. टायरची नक्षी आणि ब्रेकची अवस्था सीसीपेक्षा महत्त्वाची. घरचे सगळे असतील तर कार. उंच गाडी असली तर खोडाळा-विहीगाव पट्ट्यात खड्ड्यांचा त्रास कमी होतो, पण हॅचबॅकही आरामात जाते.

स्कूटर नेता येते, मात्र एक लक्षात ठेवा. गिअरच्या बाइकला उतारावर इंजिन जितकं धरून ठेवतं तितकं स्कूटरला धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम ब्रेक लवकर तापतात. डबलसीट असाल तर उतारावर मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्या. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, आणि तो कायदा नसता तरी घाटात ते घालावंच.

घाट उतरताना गाडी कशी चालवायची?

ज्या गिअरमध्ये हा उतार चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे कार दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला, बाइकही तशीच. ऑटोमॅटिक कार असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा, ‘डी’वर टाकून ब्रेक धरून बसू नका. ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापतात आणि एका टप्प्यानंतर दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास यायला लागला तर तो इशारा समजा. सुरक्षित जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या आणि डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेला धातू वाकतो.

पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतरणारे अजूनही भेटतात. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, उलट गाडीवरचा ताबा जातो. आणि कारचं इंजिन बंद करून उतरणं हा जिवाशी खेळ आहे. ब्रेकचा दाब वाढवणारी यंत्रणा आणि पॉवर स्टिअरिंग, दोन्ही सोडून जातात.

वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, रात्र असेल तर डिपर. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा डोंगरी रस्त्याचा नियम केंद्र सरकारच्या 2017 च्या वाहनचालन नियमांतही आहे. चढावर थांबलेली लोड गाडी पुन्हा उचलणं किती अवघड असतं हे ज्याने पाहिलंय त्याला नियम सांगावा लागत नाही.

कसारा घाटात ट्रकची भीती वाटते. काय करावं?

भीती वाटते ते बरंच आहे. ट्रेलरच्या अगदी मागे राहू नका. चढावर तो गिअर बदलताना क्षणभर थबकतो, कधी किंचित मागेही येतो. त्याच्या आरशात तुमचा चेहरा दिसेल इतकं अंतर ठेवा, आरसा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वळणावर त्याच्या आतल्या बाजूने घुसू नका, लांब गाडीची मागची चाकं आत कापत येतात. ओव्हरटेक सरळ पट्ट्यातच करा आणि सुरू केलंत तर रेंगाळू नका. बाइकवाल्यांनी साइडपट्टीवरून पुढे जाण्याचा मोह टाळावा, तिथे खडी आणि फुटलेल्या टायरचे तुकडे असतात.

धुकं पडलं तर?

हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हेच कळत नाही. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून चाला. अजिबातच दिसेनासं झालं तर रस्त्यावर थांबू नका, एखादा ढाबा किंवा रुंद जागा गाठा आणि चहा प्या.

लावणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचे पट्टे टाकत जातो. पावसाने ते साबणासारखे होतात आणि बाइक सर्वांत जास्त तिथेच घसरते.

धबधब्यात भिजायला कुठे थांबता येईल?

विहीगावचा धबधबा, ज्याला बरेच जण अशोका धबधबा म्हणतात, वाटेवरच आहे. गाडी लावून थोडं चालत आणि पायऱ्या उतरून जावं लागतं. पाऊस चालू असताना लांबूनच बघा. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली लोंढा होऊन येतो तेव्हा आपल्या डोक्यावर ऊनही असू शकतं. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्याला नदी ओलांडून जावं लागतं आणि पाणी वाढल्यामुळे पर्यटक पलीकडे अडकल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. पाणी गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर चपला शोधत बसू नका, वर या. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेकदा धबधब्यांवर मनाई आदेश काढतं. असा आदेश असेल तर पोलिसांशी वाद घालू नका.

जाता जाता त्र्यंबकेश्वराचं दर्शन होईल का?

नेहमीच्या रांगेतच काही तास जातात, त्यामुळे दर्शन आणि घाट एका दिवशी जमत नाही. कळसाला हात जोडून पुढे निघा. श्रावणी सोमवारी, विशेषतः ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लोटणाऱ्या तिसऱ्या सोमवारी, आणि पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत हा रस्ता धरूच नका. 2026-27 च्या सिंहस्थाच्या काळात तर त्र्यंबक रस्त्यावरची कामं, वळवलेली वाहतूक आणि पर्वण्यांचे दिवस आधी बघूनच बेत करा.

खायचं काय आणि कुठे?

त्र्यंबकला पोटभर मिसळ किंवा पोहे खाऊन घ्या. मोखाड्यात आणि खोडाळ्यात वडापाव, भजी, चहा मिळतो. जेवणाची खात्री मात्र कसाऱ्यापासून पुढे, हायवेच्या ढाब्यांवर. म्हणून मी डबा न्यायला सांगेन, भाकरी-ठेचा असला तरी पुरे. एखाद्या पाड्यावर ओळख असेल तर नागलीची भाकर आणि पावसाळ्यात रानभाजी मागून खा. परतताना घोटीला थांबून तांदूळ घ्या, इगतपुरी तालुका भाताचा आहे आणि घोटी ही त्याची बाजारपेठ.

पेट्रोल, पंक्चर, मोबाइलची रेंज?

टाकी नाशिकलाच फुल्ल करा. पंक्चरचं किट किंवा निदान हवा भरलेली स्टेपनी जवळ हवी. खोडाळा ते विहीगाव दरम्यान रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. रोख पैसे थोडे तरी ठेवा. घोटीच्या टोलनाक्यावर कारला फास्टॅग लागतो, बाइकला टोल नाही.

मुलांना किंवा आजींना गाडी लागते. त्यांना नेऊ का?

न्या, पण पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी उघडी ठेवा आणि मोबाइल बघू देऊ नका. रिकाम्या पोटी आणि तुडुंब पोटी, दोन्ही वेळा जास्त लागते. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्यावी, घाट लागल्यावर देऊन उपयोग नसतो.

समृद्धीवरून परत आलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, घाट जाईल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि त्यातला जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा कसाऱ्याचा डोंगर थेट पोटातून पार करतो. कामाच्या दिवशी ही फार मोठी सोय आहे. बाइकवाल्यांचा प्रश्नच नाही, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

रेल्वेचा घाट रस्त्यावरून दिसतो का?

मधूनमधून दिसतो आणि त्यासाठी थांबण्यासारखं आहे. थळ घाटातून, म्हणजेच कसारा घाटातून जाणारा हा लोहमार्ग 1865 पासून चालू आहे. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांतला हा सगळ्यात तीव्र चढांपैकी एक. एकट्या इंजिनाला पूर्ण गाडी ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. सुमारे 300 मीटरची उंची चढवून दिली की इगतपुरीला ती सुटतात. घाट चढताना एखादी एक्स्प्रेस बोगद्यातून बाहेर येताना दिसली तर शेवटच्या डब्याकडे लक्ष ठेवा. डबे संपले असं वाटतं आणि मग मागून ढकलणारी इंजिनं घरघरत बाहेर येतात. मुलं हे विसरत नाहीत. फक्त गाडी हायवेवर कुठेही उभी करू नका, घाटनदेवी मंदिराशी थांबायला जागा आहे.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर?

कुठलीही तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. आतल्या रस्त्यावर गाव विचारून ठेवायची सवय लावा. ‘घाटात आहे’ एवढ्याने मदत पोचत नाही, मागे गेलेल्या पाटीवरचं गावाचं नाव आणि किलोमीटरचा दगड सांगता यायला हवा. बंद गाडी वळणावर राहिली तर लाल त्रिकोण चांगला पन्नास पावलं मागे, वळणाच्या अलीकडे ठेवा. माणसांनी गाडीत बसून राहू नये.

हा वळसा झाला. पुढच्या वेळी कुठे?

घोटीवरून भंडारदरा. वाटेत बारी गावापाशी कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, अगदी रस्त्यावरून दिसतं. पुढे प्रवरेवरचं 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. हे या वळशाला जोडून करण्याचा हट्ट काही जण धरतात. तसं करू नका, दोन्हींपैकी एकही धड पाहून होत नाही. उत्तरेला जायचं असेल तर वणीवरून नांदुरी आणि तिथून सप्तशृंगी गडाचा घाट. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत मात्र खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि वर एसटीने जावं लागतं, तेव्हा ते दिवस सोडून जा. त्याच बाजूला हातगडावरून सापुताऱ्याला गेलात तर गुजरातची हद्द लागते. तो रस्ता रुंद आणि सोपा आहे, नव्याने घाटात गाडी शिकणाऱ्याला मी आधी तिकडेच पाठवतो.